वाटणीत राहून गेलेला पाईप

दिराचं आणि आमचं घर वेगळं झालं, तेव्हा भांड्यांपासून तुळशीपर्यंत सगळ्याची वाटणी झाली. मधे विटांची भिंत आली, विजेचं मीटर वेगळं झालं, पाण्याची टाकीसुद्धा वेगळी झाली. फक्त दोन्ही मोऱ्यांचं पाणी गल्लीच्या गटारात नेणारा जुना बिडाचा पाईप तेवढा एकच राहिला. जमिनीखालचं कोणाला सुचतं!

धाकट्या जावेशी माझा अबोला पडला तो वाटणीमुळे नाही, पुरणयंत्रामुळे. ती म्हणाली, सासूबाईंनी ते मला दिलं होतं. मी म्हटलं, थोरली मी आहे. यंत्र माझ्या फडताळात आलं आणि पुढचे आठ महिने आम्ही दोघी एकाच हातगाडीवर भाजी घेताना एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिलो. मी काही आधी बोलणार नव्हते. तीही माझ्यासारखीच हट्टी.

बुऱ्हाणपूरचा उन्हाळा म्हणजे माणसं आत आणि झुरळं बाहेर. एप्रिलात मोरीच्या जाळीतून ही एवढाली, मिशा हलवत, जशी काही घरभाडं मागायला निघालीत! मी पातेलंभर उकळतं पाणी आणि त्यात फिनेल, असं मोरीत ओतलं. सगळी गडप. मी पदर खोचून उभी आहे तोच मोरीतून आवाज आला, "अगं बाई गं!" पाठोपाठ बादली गडगडली.

आवाज जावेचा होता. माझी झुरळं पाईपातून तिच्या मोरीत निघाली होती. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोरीत डांबरगोळीचा वास, त्यामागोमाग तीच झुरळं, आणि पाईपातून दाबलेलं खिदळणं. तोंडात पदर कोंबून हसायची तिची जुनी सवय. वा गं वा! मी पुन्हा पाणी उकळायला ठेवलं. मग रोजचंच झालं. सकाळी मी, दुपारी ती. खरं सांगायचं तर दुपार झाली की मी काहीतरी निमित्त काढून मोरीपाशीच घुटमळायची.

पण फिनेलच्या वासाने आमच्या ह्यांचं डोकं उठलं. त्यांनी भावाशी परस्पर ठरवून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी धूलकोट गावचा प्लंबर बोलावला. त्याने मोरीची फरशी उचकटली, पाईप पाहिला आणि म्हणाला, "भाभी, दोन लाइनी अलग करून टाकू, झंझट खतम." मग नवा पाईप आणायला तो बाजारात गेला.

मी उघड्या पाईपापाशी बसून राहिले. हा पाईप कापला की तिचा आवाजही गेला. उद्या आखाजी, वेगळं झाल्यावरची पहिली. दोन चुली, दोन पुरणं.

तेवढ्यात पलीकडून जाऊ झुरळांशी बोलताना ऐकू आली. "या, या! थोरल्या घरचे पाहुणे! काय घेणार, चहा की फिनेल?"

मला राहवलं नाही. वाकून मी पाईपात म्हटलं, "चहाच द्या. साखर कमी."

पलीकडे बादली आदळली.

"कोण ते?"

"झुरळ."

ती अशी हसली की मला वाटलं पाईप फुटतो. मग हसू आवरून म्हणाली, "ताई, उद्या मी पुरण पाट्यावर वाटणार. तुम्ही बसा आरामात यंत्र फिरवत."

"काय फिरवते कप्पाळ! एक पाय लंगडा त्याचा. तू धरून बसल्याशिवाय ते कधी फिरलंय? आठ महिने फडताळात पडलंय. होळीला मीसुद्धा पाट्यावरच वाटलं, मनगट सुजलं."

"खरं?"

"मोरीत तोंड घालून खोटं बोलू का?"

पलीकडे दार आपटल्याचा आवाज, आणि दोन मिनिटांत ती माझ्या स्वयंपाकघरात, ओल्या पायांनी, डोळे पुसत. मी यंत्र काढून घासायला घेतलं. तिने लंगडा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला, मी दांडा फिरवला. कुरकुरलं, पण फिरलं.

प्लंबर खांद्यावर पाईप घेऊन दारात उभा. "भाभी, कहाँ से काटूँ?"

"काही कापू नको. फरशी बसव, नवा पाईप दुकानात परत कर आणि उद्या पोळी खायला ये," मी म्हटलं.

"अन् झुरळं?"

यंत्राचा पाय न सोडता जाऊ म्हणाली, "राहू द्या, भाऊ. ती एकत्र कुटुंबातली आहेत."