शेळीची शिंगं

धोंडिबाआबा बाहेरून आले की ओसरीवरच्या खुर्चीच्या उजव्या हातावर आधी तळवा ठेवत, मगच पाणी पीत. जवळा बाजारात माझं घर त्यांच्या शेजारीच, त्यामुळे हे मी रोज पाहत असे.

आबा मेंढपाळाच्या घरातले. काठ्यांवर नक्षी कोरता कोरता तरुणपणीच लाकूडकामात शिरले. लग्न होऊन आलेल्या गिरजाआजी माहेरच्या शेळीसाठी रडत, म्हणून आबांनी सागवानाची खुर्ची केली आणि तिच्या दोन्ही हातांच्या टोकांना शेळीचं एकेक वळलेलं शिंग कोरलं.

"शेळी काही आणता येईना, मंग खुर्चीच केली," आबा सांगत.

"खुर्ची दूध देत न्हाई म्हणावं!" आजी आतून ओरडत.

पुढे आजींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. त्यानंतर त्या उजवं शिंग धरूनच उठत. धरून धरून शिंग झिजलं, अंगठ्याच्या जागी खळगा पडला. मी मोजणी खात्यातला माणूस. एकदा राहवलं नाही, खिशातली पट्टी लावली. उजवं शिंग डाव्यापेक्षा दोन सूत बारीक भरलं.

"काय मोजणीदार, शेळीचा सातबारा काढता काय?" आबा हसले.

आजी गेल्या. काही वर्षांनी जुनं कोरीवकाम गोळा करणारा एक व्यापारी शहरातून आला. म्हणाला, "मागाल ती किंमत देतो. फक्त हिला घासू नका. हात झिजलाय, त्यातच हिचं मोल आहे."

"विकायची न्हाई," आबा म्हणाले. "माझं माणूस बसून राहिलंय तिथं."

आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी त्यांना हिंगोलीला घेऊन गेलो. नांदेडला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा मारोती घर झाडून ठेवायला आला होता. आम्ही परतलो. आबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी नेहमीसारखा तळवा ठेवला. अंगठा शिंगावर फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग त्यांनी डावं शिंग चाचपलं आणि परत उजव्यावर आले.

"बाबा, चांगल्या कारागिराकडून घासून पॉलिश करून घेतली," मारोती म्हणाला. "दोन्ही शिंगं एकसारखी केली त्यानं. आवडली का?"

आबांनी शिंगावरचा हात काढून घेतला.

"व्हय रे लेकरा. लई झकास झाली. काहून न्हाई आवडणार?"

मारोती चहा ठेवायला आत गेला. आबा हळूच म्हणाले, "मोजणीदार, पट्टी लावा बरं. राहिलं हाय का काही?"

मी पट्टी लावली. दोन्ही शिंगं बरोबर एका मापाची होती.

"थोडं आहे, आबा."

"खोटं बोलता येत न्हाई तुमाला," ते म्हणाले. "पोराला मातर सांगू नका. त्यानं मायेनं केलंय."

त्यानंतर आबा बाहेरून आले की सरळ पाणी पीत. थंडी संपायच्या आत ते गेले.

मारोती अजून भेटला की म्हणतो, "काका, बाबांची खुर्ची नवी करून दिली, एवढं तरी माझ्या हातून झालं. किती आवडली होती त्यांना, न्हाई?"

मी हो म्हणतो.