उचगावी लाल

ओलाव्याशी उभा दावा मांडलेलं माणूस सगळ्या बेळगाव मुलखात एकच होतं, आणि ते म्हणजे आमची उचगावची मावशी. आता आमच्याकडचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको, की तो पाहुण्यासारखा येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतो. चार महिने भिंती घाम गाळतात, मीठ पाझरतं, आणि वाळत घातलेलं धोतर तिसऱ्या दिवशीही काठीवर तसंच लोंबत असतं. अशा मुलखात राहून कोरडेपणाचा हट्ट धरायचा म्हणजे कमालच. पण हे मावशीला समजावून सांगायला कुणी गेलं, की ती आधी त्याच्याच अंगावरच्या कपड्याचा काठ चिमटीत धरून बघायची आणि म्हणायची, "अजून दमट हाय. आदी ह्ये बदलून या, मग बोला."

ती माझ्या सासूबाईंची मावसबहीण. माझं सासर बेळगावच्या शहापुरातलं, विणकराचं. मावशी उचगावला भावाच्या घरी असायची. भाताची लावणी उरकली, की ती बैलगाडीत बसून आमच्याकडे महिनाभर राहायला येई. तिच्या गाठोड्यात एक बदलायचं लुगडं, कडुनिंबाच्या पाल्याची जुडी, मेंदीची पूड आणि करंजाच्या तेलाची बाटली, एवढंच. घरात पाऊल टाकल्यावर लोक "बरं हाय न्हवं?" विचारतात, ही थेट माजघरातल्या कपडे वाळत घालायच्या काठीकडे जायची. एकेक कपडा चाचपायची, हुंगायची, आणि त्यातले निम्मे कपडे उतरवून पुन्हा चुलीच्या अंगाला टांगायची. मग माणसांची पाळी. मुलांच्या पायांची बोटं फाकवून बघायची, तान्ह्यांच्या मानेच्या वळ्या वर करून बघायची. शेजारणी तर तिची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली, की घाईघाईने पोरांचे पाय पुसायला घेत.

आमच्या मामंजींनाही, म्हणजे सासऱ्यांनाही, तिने सोडलं नव्हतं. हातमागाच्या पुढ्यात खड्डा असतो, त्यात पाय सोडून विणकर दिवसभर पावड्या दाबत बसतो. पावसाळ्यात त्या खड्ड्याला पाझर फुटतो आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मामंजी बोटं एकमेकांवर घासत, पण माग सोडून उठत नसत. मावशी खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. "दाजी, पाय वर काडा."

"मेव्हणीबाई, पदर चाललाय. आता उठलो तर हाताची लय मोडती."

"लुगडं दोन दिसांनी झालं तर काय बिगडत न्हाय. बोटं सडल्यावर पावड्या काय तुमचे वाडवडील येऊन हाणणार हायत?"

शेवटी ज्यांच्यापुढे गल्लीतले कारागीर मान वर करून बोलत नसत, ते मामंजी सकाळच्या उन्हात दाराशी पाट टाकून बसले आणि बोटाबोटांत मेंदीचा लेप लावून पाय लांब करून राहिले. येणारा-जाणारा विचारी, "आप्पा, लगीन ठरलं काय?" मामंजी तोंड फिरवून घेत. आठ दिवसांत चिखल्या वाळल्या हे खरं, पण त्यांनी ते मावशीसमोर कधी कबूल केलं नाही. खड्ड्यात मात्र कोरडी फळी टाकून घेतली.

मावशीचं सगळं शास्त्र एका लोणच्याच्या बरणीत मावत होतं. "जितं वल तितं बुरशी. लोणच्याला लागती, भाकरीला लागती, तशीच मान्साला लागती. मानूस काय येगळं हाय?" आणि तिचं शास्त्र कुठे संपतं हेही तिला पक्कं ठाऊक असे. कुणाला ताप असला, पोटात दुखत असलं, तर ती हात लावायची नाही. "ह्ये माज्या बरणीतलं न्हाय. कॅम्पातल्या डाक्तरीणबाईकडं ने, आत्ताच्या आत्ता." वैदूगिरी करणाऱ्यांत इतकी अक्कल मी पुढे फार थोड्यांच्यात पाहिली.

आता माझी गोष्ट. सांगायला जीभ अडखळते, पण ती सांगितल्याशिवाय मावशी कळायची नाही. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. माहेर निपाणीचं, तिथली हवा त्या मानाने कोरडी. शहापुरातला पहिलाच पावसाळा लागला आणि मला नको त्या जागी खाज सुटली. लुगडी दोनच, एक अंगावर, एक काठीवर, आणि काठीवरचं कधी धड वाळायचं नाही. पहाटे आंघोळ करून तेच दमट लुगडं नेसायचं आणि दिवसभर जमिनीवर बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरायच्या. खाज, आग, अंगावरून पांढरं जाणं. बोलायचं कुणाशी? मला वाटे, आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झाला, कुठलं तरी पाप भोवलं. नवऱ्याच्या वाऱ्याला उभी राहीना. ते बिचारे आधी गोंधळले, मग रुसले. रहाटावर बसून मी सारखी चुळबुळ करते हे आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नजरेतून सुटलं नाही. त्या वाईट नव्हत्या, पण घाबरट होत्या. एका दुपारी त्या मामंजींना म्हणाल्या ते मी दाराआडून ऐकलं: "पोरीला कायतर दुकनं हाय. निपाणीला धाडू या. बरी झाली की आनू."

"बरी झाली की आनू" या शब्दांचा अर्थ आमच्याकडच्या प्रत्येक पोरीला ठाऊक असतो. अशी धाडलेली पोर पुष्कळदा माहेरच्या उंबऱ्यातच म्हातारी होते. गणपती झाले की गाडी जुंपायची, असं ठरलं. माझं जेवण तुटलं.

आणि त्याच आठवड्यात मावशी आली. काठी चाचपली, मामंजींचे पाय बघितले, मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या लुगड्याचा काठ चिमटीत धरला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खाज सुटतीया न्हवं गं?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी रडायलाच लागले. म्हटलं, "मावशी, माझ्या हातून काय पाप घडलं हो?"

"पाप? अगं येडे, बुरशी हाय ती! लोनच्याची बरनी उन्हात ठिवून, पुसून, कोरडी खडखडीत करतीस; आन सोता मातर वलं लुगडं नेसून बसतीस. बरनीपरास तुजी किंमत कमी हाय व्हय?"

त्या वाक्यावर रडता रडता मला हसू आलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

मग फर्मानं सुटली. गाठोड्यातलं स्वतःचं लुगडं तिने मला देऊन टाकलं, म्हणजे दमट नेसायची पाळी नको. कडुनिंबाचा पाला उकळून गाळलेल्या कोमट पाण्याने धुवायचं, तेही वरवर, आणि मऊ कापडाने टिपून घ्यायचं. "घासायचं न्हाय. त्यो तवा न्हवं." वासाचा साबण बंद. गूळ बंद. जेवणात रोज ताजं ताक. एवढ्यावर थांबली असती तर ती मावशी कसली! मागावर बसलेल्या माझ्या नवऱ्याला तिने तिथेच गाठलं. "लेका, पंधरा दीस हातरून येगळं. आन तू बी आंगोळ केल्यावर नीट पुसून कोरडा हो. तुमा पुरुषांस्नी वाटतंय, बुरशी बायकांस्नीच वळकती." ह्यांच्या हातातला धोटा खाली पडला आणि मग सबंध दिवस माग कसा खडाखडा चालला त्याचं मामंजींनाही नवल वाटलं.

खरी लढाई पुढेच होती. महिन्याला बाजूला बसायच्या दिवसांत वापरायची कापडं आम्ही बायका धुऊन परसात सरपणाच्या ढिगामागे, गोणपाटाखाली, अंधारात वाळत घालत असू. वाळत घालत असू म्हणायचं एवढंच. ती वाळत कधीच नसत. मावशीने ढिगामागे हात घातला, एक घडी ओढून काढली आणि हुंगून बहिणीपुढे धरली. "आक्का, पोरीचं दुकनं हितं हाय. पोरीत न्हाय."

आत्याबाई पांढऱ्याफटक पडल्या. "आत ठेव आदी! पुरुषमान्सांची नदर पडंल. आन सापाची नदर पडली तर वंश बुडतोय, ठावं न्हाय तुला?"

"साप कुटं ऱ्हातोय गं? सरपनात का उन्हातल्या काठीवर?"

उभ्या जन्मात हा प्रश्न आत्याबाईंना कुणी विचारला नव्हता. सापाचं मिटलं, पण पुरुषांचं काय? तेव्हा मावशीने परसाकडे बोट केलं. पावसाने उघडीप दिली होती आणि तिथे बांबूंवर रंगवलेल्या सुताच्या लाल लडी वाळत होत्या, जशा शहापुरात घरोघरी वाळतात. मावशीने गाठोड्याला गुंडाळलेलं आपलं जुनं लाल लुगडं फाडून त्याच्या घड्या केल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि त्या लडींच्या मधोमध उन्हाला टांगल्या. लाल सुतात लाल कापड. विणकराच्या घरात त्याच्याकडे बघतो कोण?

विणकरच बघतो, हे आम्ही विसरलो होतो. पंधरा-वीस दिवस सगळं सुरळीत चाललं. माझी खाज थांबली, आग थांबली, मी दोन भाकऱ्या खाऊ लागले. अशातच एका सकाळी मामंजी लडी वाळल्या का बघायला परसात गेले आणि थबकले. उकळून उकळून आणि उन्हं खाऊन खाऊन त्या लाल कापडाला एक निराळाच मऊ रंग चढला होता. मामंजींनी एक घडी काठीवरून काढली. उजेडात धरली. बोटांनी चोळली. आणि पोत बघायला ती हळूच गालावरून फिरवली.

आत्याबाईंनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. मी विहिरीकडे तोंड करून पदर तोंडात कोंबला.

"ह्यो नमुना कुनाचा?" मामंजींनी विचारलं.

मावशीचा चेहरा ढळला नाही. "माज्याकडच्या जुन्या लुगड्याचा तुकडा हाय, दाजी. उचगावचा."

"काय रंग हाय! आमच्या रंगाऱ्याला सात जल्मांत जमायचा न्हाय." असं म्हणून त्यांनी ती घडी नीट दुमडून छातीशी बंडीत घातली आणि तडक रंगाऱ्याकडे गेले. तिघी बायका परसात उभ्या. त्यांना हाक मारून थांबवायचं, तर काय म्हणून थांबवायचं? मावशी एवढंच म्हणाली, "जाऊ दे गं आक्का. उकळल्याली हाय, वाळल्याली हाय. तुमच्या देवघरातल्या वस्त्रापरास सवच्छ हाय."

रंगाऱ्याने चार वेळा सूत बुडवलं तेव्हा तो रंग साधला. मामंजींनी त्या रंगाची लुगडी विणली आणि नाव ठेवलं 'उचगावी लाल'. बायकांनी ती हातोहात नेली. आमच्या गल्लीतल्या बायका तर ते नाव ऐकलं की भिंतीकडे तोंड फिरवून हसत, कारण तोवर बातमी चुलीचुलीशी पोचली होती आणि घरोघरच्या लडींत लाल तुकडे उन्हाला लागले होते. मामंजी कौतुकाने म्हणत, "सगळ्या गल्लीला रंगाच्या नमुन्यांचा नाद लागलाय बघा!"

गणपती आले आणि गेले. निपाणीची गाडी कुणी जुंपली नाही. आत्याबाईंनी तो विषयच काढला नाही. एका सकाळी स्वतःचं एक लुगडं माझ्या काठीवर आणून टाकलं, एवढंच. मावशी परत निघाली त्या दिवशी मी तिच्या पाया पडले आणि विचारलं, "तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?"

ती गाठोडं बांधत होती. वर न बघता म्हणाली, "मला बी असंच धाडलंतं की. खानापुराकडं दिलंतं मला, जंगलाच्या अंगाला, पाऊस म्हंजे काय इचारू नगं. बरी झालीस की न्यायला येतो म्हनाले. उचगावात माळावरचं ऊन लागलं, म्हैन्यात बरी झाले. एकवीस वर्सं झाली. गाडी काय आली न्हाय." मग गाठ घट्ट आवळून म्हणाली, "नीट वाळवत जा गं."

ती उचगावला वारली तेव्हा माझी थोरली लेक लग्नाची झाली होती. श्रावणातला दिवस, झड लागलेली. आम्ही पोचलो तोवर बायकांनी तिला आंघोळ घातली होती. मामंजी फार थकले होते, तरी हट्टाने आले होते. त्यांनी बंडीतून बासन काढून सोडलं. आत उचगावी लालचं नवं लुगडं. "मेव्हणीबाईंस्नी माहेरचं म्हून नेसवा," ते म्हणाले. "त्यो रंग त्येंचाच हाय." आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघींना एकदमच हुंदका आणि हसू आलं. मामंजींना शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि आम्हीही कळू दिलं नाही.

तिला न्यायला गाडी आली नाही याचं दुःख मला आजही आहे. ती गाडी आली असती तर माझं काय झालं असतं, हा विचार मनात येतो आणि मग मला माझीच लाज वाटते. त्या दिवशी लुगडं नेसवायच्या आधी मी त्याचा काठ चिमटीत धरला. एवढ्या पावसातून आलेलं, म्हटलं, मावशीला दमट चालायचं नाही. पदरापासून निऱ्यांपर्यंत सगळं चाचपून पाहिलं. मामंजींनी ते बंडीच्या आत, छातीशी धरून आणलं होतं. कोरडं खडखडीत होतं.