बाहुल्यांच्या डॉक्टरीणबाईंचा फोरम

सगळी गल्ली तिला डॉक्टरीणबाई म्हणायची, पण तिचे पेशंट म्हणजे हात निखळलेल्या, डोळा आत गेलेल्या, केस झडलेल्या जुन्या बाहुल्या. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. इमारत पाडायचं ठरलं आणि ती खोलीही जाणार हे कळलं, तेव्हा तिला घोर लागला तो गिऱ्हाइकांचा. ती आपल्याला शोधणार कुठे?

"वेबसाइट कर," नणंद म्हणाली. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. नणंदेचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज जोडण्यात गेलेला.

डॉक्टरीणबाईंनी मनावर घेतलं. पहिलं पान जमलं, पण तिचा स्वतःचा आणि बाहुल्यांचे फोटो मजकुरावर चढून बसायचे, काही केल्या हटेनात. इंटरनेटवर शिकाऊ लोकांच्या एका फोरमवर तिने विचारलं, तर 'घुबड' नावाच्या कोणीतरी लिहिलं, "प्रश्न अर्धवट आहे. काय लिहिलंत ते दाखवा. आधी काय करून पाहिलंत?" खाली दोघं त्या घुबडाशीच वाद घालत होते. तिला कसंसंच झालं. आपण मदत मागायला गेलो की परीक्षेला?

दुसऱ्या फोरमवर मात्र पाऊल टाकताच स्वागत. 'सोबती' नावाच्या माणसाने उत्तर दिलं, "ताई, घाबरू नका, आम्ही आहोत ना." खाली आणखी कितीतरी जणांनी धीर दिला. फोटो जागच्या जागी बसले. तिचा जीव भांड्यात पडला.

नणंदेने चष्मा पुसून ती उत्तरं वाचली. "इतकी माणसं आणि कोणाचं कोणाशी वाजत नाही? आणि गेल्या आठवड्यातले प्रश्न कुठे गेले गं?"

"वन्सं, तुम्हाला गोड बोलणारा माणूस सहनच होत नाही."

"होतो की. पण सगळ्यांचा आवाज एकच येतोय."

डॉक्टरीणबाई हसल्या. पुढे सोबती म्हणाला, वेबसाइटचा पासवर्ड द्या, आतून नीट करून देतो. तिने दिला. दोन दिवसांत वेबसाइट अशी देखणी झाली की नणंदेनेही चष्मा लावून ती दोनदा पाहिली.

मग एका दुपारी एक म्हाताऱ्या नर्सबाई दुकानात आल्या. लेक लहानपणीच गेली, तिची बाहुली त्यांनी जपून ठेवली होती.

"झाली का हो दुरुस्त?"

"कोणती?"

"तुमचा माणूस घरी येऊन घेऊन गेला ती. तुमच्या वेबसाइटवरच लिहिलंय ना, घरपोच न्यायला येतो म्हणून."

डॉक्टरीणबाईंच्या हातातली सुई तशीच राहिली. तिच्याकडे कोणी माणूस नव्हता. "आणखी काय म्हणाला तो?"

"सभ्य होता हो. पाणी प्यायला. मागचं दार कुठे उघडतं, मी एकटीच असते का, विचारत होता."

तिने वेबसाइट उघडली. ती ओळ होती, आणि फोन नंबर तिचा नव्हता. आत शिरायला गेली तर पासवर्ड लागेना. सोबतीला विचारलं, तर टाकलेला प्रश्नच नाहीसा झाला. पुन्हा टाकला. या वेळी खाली उत्तरं आली, एकामागून एक, वेगवेगळ्या नावांनी, एकच वाक्य: "ताई, घाबरू नका, आम्ही आहोत ना."

तिने पहिला फोरम गाठला. घुबडाने विचारलं, "पासवर्ड दिलात का? सरळ सांगा, रागवायचं नाही मला." मग भांडणाऱ्या त्या दोघांनाही बरोबर घेऊन त्याने तिला वाट दाखवली: वेबसाइटचं नाव जिथे नोंदवलं तिथे काय कळवायचं, पोलिसांना काय दाखवायचं. मध्येच एकाने घुबडाची चूक काढली, घुबडाने मुकाट्याने दुरुस्त केली. संध्याकाळपर्यंत वेबसाइट बंद झाली.

तोवर नणंदेने नर्सबाईंच्या दोन्ही दारांची कुलपं बदलून घेतली होती. आणखी किती घरांत तो पाणी पिऊन गेला, हे पोलिसांनाही सांगता येईना. बाहुली मिळाली नाही. डॉक्टरीणबाई स्वतः जाऊन तसं सांगून आल्या. नर्सबाईंनी दार लावून घेतलं आणि आतून कडी दोनदा तपासल्याचा आवाज आला.

नवी वेबसाइट तिने घुबडाच्या फोरमवर बोलणी खात, स्वतःच्या हाताने उभी केली. ओबडधोबड, पण तिची. नव्या लोकांना तीही आता विचारते, "आधी काय करून पाहिलंत?"

परवा तिथे एका नवख्या बाईने तिला लिहिलं, "त्या दुसऱ्या फोरमवर तुम्ही किती प्रेमाने बोलता. तुमचा फोटो पाहूनच विश्वास बसला. इथे अशा तुटक का?"

डॉक्टरीणबाईंनी लगेच उत्तर टाकलं: "तिथली ती मी नाही. पासवर्ड दिला असेल तर आत्ता बदला."

ती वाट पाहत बसली. नणंद येऊन मागे उभी राहिली. त्या बाईचं उत्तर काही आलं नाही.