सोमवारचा कागद

सोमवारी सकाळी सव्वासातला शाळेच्या ऑफिसात दिवा दिसला की समजावं, दवंडीबाई आल्या. हे नाव तोंडावर घ्यायची कुणाची टाप नव्हती. तोंडावर त्या ‘ऑफिसच्या बाई’, पण पाठ वळली की दवंडीबाई, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वाईट वाटायचं का? छे! उलट घरी नवऱ्याला ऐकवायच्या, “दवंडी पिटणारा नसता तर राजाच्या मनातलं लोकांना कळलं असतं का हो?” नवरा म्हणायचा, “खरंय गं बाई, फक्त घरी जरा हळू पीट.”

लहान मुलांची शाळा, पहिली ते चौथी. शिक्षक, शिपाई, वॉचमन, झाडलोटीच्या मावशी सगळे धरून एकोणीस माणसं. या एकोणीस जणांना पुढच्या आठवड्यात काय आहे, महिन्याभरात काय येतंय, कुणाला कुठे अर्ज करता येईल, कुठलं शिबिर आहे, कुठली स्पर्धा आहे, हे सगळं एका पानावर लिहायचं आणि शिक्षकांच्या खोलीत चहाच्या टेबलावरच्या फळ्यावर टाचायचं, हा त्यांचा सोमवारचा कागद. एकच पान, दुसरं नाही. “दोन पानं कोण वाचतंय? मी तरी वाचते का?” असं त्यांचं म्हणणं. आधी तारीख, मग काम, मग कुणाला भेटायचं ते. अक्षर टपोरं, कारण वॉचमनचा चष्मा जुना. झाडलोटीच्या मावशींना वाचता येत नव्हतं, तर त्यांना बाई स्वतः वाचून दाखवायच्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मावशी “पुरे हो, कळलं” म्हणाल्या तरी.

कागदाखाली सगळ्यांच्या सह्या लागायच्या. पण नुसत्या सहीवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. त्याला कारण खेळाचे सर. एकदा हे महाशय न वाचताच सही ठोकून मोकळे झाले, आणि दात तपासणारे डॉक्टर आले त्या दिवशी अख्खी तिसरी घेऊन मैदानाच्या पार टोकाला धावायला गेले. डॉक्टर बिचारे रिकाम्या बाकांसमोर पाऊण तास बसले. त्या दिवसापासून बाईंनी सही झाली की दारातच अडवायला सुरुवात केली. “थांबा. बुधवारी काय आहे?” उत्तर आलं तर वाट मोकळी, नाही आलं तर परत फळ्यापाशी. मोठमोठी माणसं पाढे चुकलेल्या पोरांसारखी परत जायची. हसायची, कुरकुरायची, पण जायची. आणि खरं सांगायचं तर आजूबाजूच्या कुठल्याच शाळेत असं नव्हतं. तिथे एखाद्या शिक्षकाला प्रशिक्षणाचं विचारा, तो म्हणणार, “असं काही होतं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” हे वाक्य आपल्या शाळेत गेल्या आठ वर्षांत कुणाच्या तोंडून निघालं नाही, याचा बाईंना इतका अभिमान होता की विचारू नका.

आठच वर्षं का? तर त्याआधी ते वाक्य निघालं होतं, आणि चूक बाईंची होती.

तेव्हा कागद नव्हता. आलेलं पत्र नोंदवहीत चढवायचं, भोकं पाडायची, फायलीत लावायचं आणि मोठ्या सरांपुढे, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापकांपुढे, ठेवायचं, एवढंच काम. परीक्षेच्या धांदलीत एक परिपत्रक आलं. ज्या मुलांना कमी ऐकू येतं त्यांना कसं शिकवायचं, याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण, पगार चालू. बाईंनी ते व्यवस्थित नोंदवलं, व्यवस्थित भोकं पाडली, व्यवस्थित निळ्या फायलीत लावलं आणि मोठ्या सरांपुढे ठेवायचंच विसरल्या. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र लावताना नजर गेली, तोवर मुदत संपलेली. आणि त्यांनी काय केलं? फाईल मिटली. बस्स. झाकली मूठ!

पुढे पहिलीच्या बाईंना दुसऱ्या शाळेतल्या कुणाकडून तरी ते कळलं. या पहिलीच्या बाई म्हणजे ज्या पोराला ऐकू येत नाही त्याला पहिल्या बाकावर बसवून, ओठ आणि हात हलवून वाचायला शिकवणाऱ्या. सगळ्या शाळेत त्या प्रशिक्षणाला एकच माणूस लायक होता, आणि तो त्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत त्या हसत म्हणाल्या, “आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मोठ्या सरांना वाटलं असेल, हिला काय जमणार! आपल्याला कोण विचारतंय?” ऑफिसच्या बाई तिथेच कपात चहा ओतत होत्या. गप्प राहिल्या. ते गप्प राहणं त्यांच्या जिवाला जे लागलं ते लागलंच. पुढच्या सोमवारी पहिला कागद फळ्यावर चढला. सगळ्यांनी कौतुक केलं, आणि खरं कारण कुणाला कळलं नाही.

आता या वर्षी, एका शनिवारी, तेच परिपत्रक पुन्हा आलं. तेच प्रशिक्षण, तेच सहा महिने. वयाची अट पन्नास, आणि पहिलीच्या बाईंना पन्नासावं संपायला दोन महिने उरलेले. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच. बाई पत्र घेऊन धावतच मुख्याध्यापकांकडे गेल्या. हे आताचे, नवे. माणूस वाईट नाही, फक्त डोक्याला ताप नको असणारा.

त्यांनी पत्र वाचलं आणि पेपरवेटखाली सरकवलं. “हे या वेळी कागदावर नको, बाई.”

“का हो सर?”

“का म्हणजे? पहिलीच्या बाई लगेच अर्ज करतील. सहा महिने पहिलीचा वर्ग काय मी सांभाळू? एकेकाची नाकं पुसत?”

“सर, आलेलं प्रत्येक पत्र कागदावर जातं.”

“एक राहिलं तर आभाळ कोसळणार आहे का?”

“कोसळतं सर. आवाज होत नाही, एवढंच,” बाई म्हणाल्या. आणि मग त्यांचा मूळचा स्वभाव वर आला. “तुम्ही असं करा, ‘ही सूचना कर्मचाऱ्यांना देऊ नये’ असं मला लेखी द्या. मी तेच कागदावर लिहिते.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पेपरवेट उचललं. “घेऊन जा,” म्हणाले, “तुमच्याशी कोण डोकं लावणार!”

सोमवारी कागद लागला. पहिली ओळ तीच, खाली जाड रेघ मारलेली. पहिलीच्या बाईंनी वाचलं, सही केली, आणि दारात अडवलं तेव्हा घडाघडा उत्तर दिलं, “शुक्रवारी पाचपर्यंत अर्ज.”

“मग फॉर्म देऊ?”

“छे हो. मागच्या वेळी आपली लायकी कळली ना! आता या वयात पुन्हा कशाला हसं करून घ्यायचं?” असं म्हणून त्या वर्गावर निघून गेल्या.

ऑफिसच्या बाई खुर्चीत बसून राहिल्या. सांगितलं तर आठ वर्षांचा सगळा मान मातीत. ज्या बाईने एकोणीस जणांना दारात अडवून जाब विचारला, तीच पहिली चुकलेली. आणि नाही सांगितलं तर शुक्रवारचे पाच वाजणार, आणि त्या माउलीचं दार कायमचं बंद होणार. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, “अगं, इतरांच्या बातम्या इतक्या ठणठणीत सांगतेस, ही एकच का अडली?” बोलणं झोंबलं. पण खोटं नव्हतं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत त्या पहिलीच्या वर्गात गेल्या. मुलं बाहेर होती, पहिलीच्या बाई फळा पुसत होत्या. ऑफिसच्या बाई त्या बुटक्या बाकावर कशाबशा टेकल्या, गुडघे हनुवटीला आले, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नोंदवही, निळी फाईल, विसरलेलं पत्र, तो चहाचा कप. “मोठ्या सरांनी तुम्हाला नाकारलं नव्हतं हो. त्यांना ठाऊकच नव्हतं. तुम्हाला कुणी लायक नाही म्हटलं नाही. मी विसरले, आणि मग मी गप्प बसले.”

पहिलीच्या बाईंच्या हातातलं डस्टर तसंच राहिलं.

“आठ वर्षं?” त्या म्हणाल्या. “आठ वर्षं मी त्या माणसावर मनातल्या मनात दात ओठ खाल्ले! त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला डोकं दुखतंय म्हणून घरी बसले मी! आणि तुम्ही रोज माझ्यासमोर चहा पीत होतात?”

“हो.”

“जा तुम्ही. आत्ता जा.”

बाई उठल्या. बाकातून उठताना पदर खिळ्याला अडकला तो सोडवायलाही कुणी हात लावला नाही. बुधवारी पहिलीच्या बाई ऑफिसवरून मान न वळवता गेल्या. जाताना शिपायाकडून फॉर्म मात्र मागवून घेतला होता, एवढं बाईंना कळलं. पण नेलेले किती फॉर्म कोरेच राहतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत! गुरुवारही तसाच गेला. शुक्रवारी दुपारचे दोन वाजले, अडीच वाजले. बाईंनी तीन वेळा शिक्क्याचं पॅड उघडून शाई बघितली.

तीन वाजता पहिलीच्या बाई आल्या. हाताला खडूची भुकटी, चेहरा घट्ट. फॉर्म टेबलावर ठेवला. मुख्याध्यापकांची सही आधीच घेतलेली होती, जरा तिरकी, पण होती.

“शिक्का,” एवढंच म्हणाल्या.

बाईंनी सवयीने वरपासून तपासायला घेतलं. नाव, वय, नोकरीची वर्षं, सगळं ठीक. शेवटच्या पानावर, तळाला एक रकाना होता: ‘या संधीची माहिती आपल्याला कशी मिळाली?’ सगळी दुनिया तिथे ‘परिपत्रकावरून’ असा एकच शब्द लिहिते. पहिलीच्या बाईंनी, मुलांना गिरवायला देतात तशा आपल्या वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: ‘आमच्या ऑफिसच्या बाई आम्हाला प्रत्येक गोष्ट वेळेवर सांगतात. स्वतःची चूक असली तर तीसुद्धा, उशिरा का होईना, समोर बसून सांगतात. अशी माणसं सगळ्या शाळांना मिळोत.’

ऑफिसच्या बाईंनी ते एकदा वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढावा लागला.

“अहो, असं लिहितात का सरकारी फॉर्मवर?” त्या कशाबशा म्हणाल्या.

“खोडलंत तर बघा,” पहिलीच्या बाई म्हणाल्या, आणि समोरची खुर्ची ओढून शिक्का होईपर्यंत तिथेच बसल्या.