मागची बाजू

त्या कारखान्यात नकली पाय तयार होत आणि ते लावून चालायला शिकवायचं काम उस्तादांकडे होतं. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. शिकायला येणारेही सगळे जखमी जवानच, त्यामुळे तिथे कोणी कोणाची कीव करत नसे. शिव्या मात्र पोटभर मिळत.

उस्तादांचा एक नियम होता. सकाळी बाकावर जोडीजोडीने बसायचं, पाय काढायचा आणि एकमेकांच्या उरलेल्या पायाचा खुंट मागून तपासायचा. कारण जखम चिघळते ती नेमकी मागे, जिथे स्वतःची नजर पोचत नाही आणि बधिर कातडीलाही काही कळत नाही. "लाजताय काय नव्या नवरीसारखे?" उस्ताद ओरडत. "पाय गेलाय, अब्रू नाही गेली! घरी बायकोला दाखवा, आईला दाखवा. लपवाल तर सडाल."

बोलायला काय जातं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हे गृहस्थ घरी गेले की खोलीचं दार लोटून घेऊन पाय काढत, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेत आणि मगच बायकोला आत येऊ देत. सकाळी ती उठायच्या आत पाय पुन्हा चढलेला असे. सुरुवातीला तिने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते असे खेकसले की तिने तो विषयच सोडला. लग्न झालं तेव्हा रस्त्याने त्यांची बरोबरी करताना तिची दमछाक व्हायची, आणि आता तिच्यापुढे लंगडी घालायची?

नव्यांमध्ये एक फौजेचा ट्रक चालवणारा होता. सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. बायकोला तोंड दाखवायलाही तो तयार नव्हता. एकदा त्याने विचारलं, "उस्ताद, तुमचं कोण बघतं?"

"घरवाली. रोज." इतक्या सहज थाप निघाली की उस्तादांनाच नवल वाटलं.

ड्रायव्हरने ती खरी मानून गाठीला बांधली आणि बायकोला बोलवायला राजी झाला. कारखान्यात घरच्यांना बोलावायचा दिवस आला तेव्हा तो उस्तादांना न सांगता त्यांच्या घरी गेला आणि त्यांच्या बायकोलाही आमंत्रण देऊन आला. ती आल्या आल्या त्याने आपली बायको पुढे केली. "वहिनी, तुम्ही रोज बघता ना उस्तादांचं? मग हिला तुम्हीच शिकवा."

वहिनींनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी फरशीकडे. तिच्या एका शब्दात त्यांचं पितळ उघडं पडलं असतं.

"शिकवते की," म्हणत ती खाली बसली. बोटं पट्ट्यावर चाचपडू लागली. "चष्मा घरीच राहिला बाई," ती ड्रायव्हरच्या बायकोला म्हणाली. शेवटी उस्तादांनीच पट्टा सोडला. पाय निघाला, मोजा निघाला, आणि मागे अंगठ्याएवढी पू धरलेली जखम दिसली.

ड्रायव्हरचा चेहरा पडला. "वहिनी, रोज बघता, आणि हे?"

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पाहुणे होते घरात. राहून गेलं."

"असं करू नका वहिनी. गुडघाही जाईल त्यांचा!" तो कळवळून तिला सुनावत होता आणि ती मान खाली घालून ऐकत होती. बाकावरचे सगळे तिच्याकडेच बघत होते. उस्तादांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "तिने आज पहिल्यांदा पाहिलाय. मी दाखवलाच नव्हता. तुला थाप मारली."

ड्रायव्हर त्यांच्याकडे असा बघत राहिला की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. त्यांनी मोजा ओढून घ्यायला हात पुढे केला. तिने तो दिला नाही.

"मला वाटायचं," ती हळूच म्हणाली, "माझ्या हातावर तुमचा भरवसा नाही. मला शिसारी येईल असं वाटतं तुम्हाला."

उस्तादांनी मोज्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. तिने ड्रायव्हरच्या बायकोचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"आता सांगा," ती म्हणाली. "काय काय बघायचं, ते आम्हा दोघींना शिकवा."