गडावरच्या टाक्यातली आंघोळ

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या विहिरी आटल्या आणि पिण्याचं पाणी उरलं ते फक्त गडावरच्या टाक्यात. तिसगावच्या पलीकडे डोंगराच्या ओळीत हा जुना गड. तट ढासळलेला, दरवाजाची नुसती कमान उभी. पण कुणी कधीकाळी कातळात खोदलेलं ते टाकं मात्र शाबूत होतं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोठ्या जावेला मी आक्का म्हणायची. तिच्याबरोबर रोज सकाळी रिकामे हंडे घेऊन गड चढायची.

चढायचं समोरून, उभ्या पायऱ्यांनी. भरले हंडे घेऊन त्या पायऱ्या उतरता येत नसत, म्हणून परतताना डोंगराच्या मागच्या सोंडेने लांबचा वळसा घेऊन गावात यायचं. टाक्यातलं पाणी तळाला गेलेलं. शेवटच्या पायरीवर बसून वाटीवाटीने हंडा भरावा लागे. पायसुद्धा बुडू द्यायचा नाही, असा गावातल्या बायकांचा दंडक होता.

त्या दिवशी कमानीपाशी पोचलो तर टाक्यातून हसण्याचे आवाज येत होते. वाकून पाहिलं. शहरातून किल्ले बघायला आलेले चार-पाच बाप्ये चड्ड्यांवर पाण्यात उभे होते. अंगाला साबण. पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता.

आक्काने पदर ओढून तोंड फिरवलं. मला मात्र लाज वाटायच्या आधी संताप आला. मी वरूनच ओरडले, की हे प्यायचं पाणी आहे, बाहेर निघा. एकजण डोळ्यांवरचा साबण पुसत म्हणाला, "बाई, किल्ला सरकारचा आहे. पाणी काय तुमच्या मालकीचं आहे का?"

"मालकीचं न्हाई. पन आमी पितो त्ये," मी म्हणाले.

त्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आम्ही दूर झाल्याशिवाय बाहेर कसं यायचं, असं विचारलं. म्हणजे आम्हीच बाजूला व्हायचं. झालो. ते अंग पुसून, कपडे घालून, पिशव्या पाठीला लावून मागच्या सोंडेने निघूनही गेले. पाणी दुधाळ झालेलं. आक्काने तरीही आपली कळशी त्यातच भरली. निदान म्हशीला होईल म्हणाली. माझा हंडा मी रिकामाच आणला.

घरी येऊन पाहते तर तीच मंडळी आमच्या ओसरीवर. माझे सासरे गावात मानाचे. पारावर त्यांची गाठ पडली आणि पाहुणे उपाशी जाऊ नयेत म्हणून मामंजी त्यांना घरी घेऊन आले होते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आम्हाला चुलीपुढे बसवलं. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं. बाहेर त्यांचं बोलणं चाललं होतं, की गडाचा हा पुढून चढून मागून उतरायचा फेरा किती सुंदर आहे, इथली माणसं किती सुखी.

मामंजींनी पाणी मागितलं. रांजणात कालचं थोडंच उरलं होतं. मी आक्काच्या कळशीतून तांब्या भरला आणि पाहुण्यांपुढे ठेवला. एकाने तोंडाला लावला आणि थुंकला.

"तुमच्याच आंगुळीचं हाय," मी म्हणाले.

मामंजी संतापाने उठले. पाहुण्यांपुढे मी घराची अब्रू घालवली म्हणाले, आणि स्वतः आत जाऊन रांजणातलं उरलेलं पाणी त्यांना आणून दिलं. ते प्याले. सगळं प्याले. जाताना त्यांच्यातल्या वयस्क माणसाने हात जोडून माफी मागितली, पण ती मामंजींची. दारात आम्ही दोघी उभ्या होतो. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

त्या रात्री घरात प्यायला घोटभर पाणी नव्हतं. मामंजींना तहान लागली तेव्हा आत्याबाई शेजारी तांब्या घेऊन गेल्या आणि तो रिकामाच घेऊन परत आल्या. शेजारीणही त्या दिवशी गडावरून रिकामा हंडा घेऊनच उतरली होती. माझ्याशी मामंजी पुढे बरेच दिवस बोलले नाहीत.

म्हशीनेही कळशीतल्या पाण्याला तोंड लावून मान फिरवली. मग गावातल्या आम्ही सगळ्या बायकांनी मिळून टाकं उपसलं, तळ घासला आणि कातळातून पाणी पाझरायची वाट पाहत बसलो. कुणी आत उतरू नये म्हणून टाक्याच्या तोंडाशी बोरीच्या काट्या लावल्या. पाणी साचेपर्यंत ओढ्यातल्या झऱ्यावर जावं लागलं. तो गडापेक्षाही लांब. त्या सगळ्या दिवसांत एकाही बाप्याने डोक्यावर हंडा घेतला नाही. पारावर मात्र माझ्या तोंडाळपणाची चर्चा चालायची.