अजून दोनदा

पाडकाकांच्या हातातून वस्तू मुद्दाम सुटत, आणि त्याचाच त्यांना पगार होता. बॅटरीवर चालणारी छोटी वैद्यकीय उपकरणं बाजारात जाण्याआधी साकीनाक्याच्या आमच्या प्रयोगशाळेत तपासणीला येत. ती मीटरभर उंचीवरून जाड लाकडी फळीवर तीनदा पाडायची, दर वेळी वेगळ्या बाजूवर, हे काकांचं काम. मी शेजारी बसून अहवाल लिही.

पाडण्याआधी ते उपकरणाची समजूत काढत. "भिया नको गो बाय. माडावरसून नारळ पडता, तो कधी रडता?" जावयाने नवा मोबाइल आणला तेव्हा म्हणे सगळं घर ओरडलं होतं, "बाबांच्या हातात देऊ नका!"

एकदा पलीकडच्या गाळ्यातल्या सविताताईंनी स्वतः बनवलेला डिजिटल थर्मामीटर आणला. अहवाल मिळाला नाही तर रुग्णालयाची पहिलीच ऑर्डर जाणार होती. दोनदा तो टिकला. तिसऱ्यांदा झाकण उडालं आणि बटणाएवढा सेल घरंगळत माझ्या खुर्चीखाली गेला.

"दोनदा टिकला ना काका! लिहा ना पास," ताई रडवेल्या झाल्या. खरं सांगायचं तर माझंही पेन तिकडेच झुकलं होतं.

काका गुडघ्यांवर बसून सेल शोधत होते. "नियमात तीनदा आहे. आणि इथे रांगणारं पोर असतं, तर हा आता कुठे असता गं?"

झाकण नेमकं कुठून सुटतं ते काकांनी ताईंना दाखवलं. ताईंनी तिथे स्क्रू बसवला. रुग्णालय आठवडाभर थांबलं आणि थर्मामीटर तिन्ही वेळा शाबूत राहिला. ताईंनी आणलेला पेढ्यांचा खोका मात्र काकांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

निवृत्तीनंतर ते आजारी पडले, तेव्हा मी चेंबूरला भेटायला गेलो. काकूंनी ताप बघायला थर्मामीटर दिला. ताईंचाच. काकांनी तो घ्यायला हात पुढे केला आणि आयुष्यात पहिल्यांदा वस्तू त्यांच्या हातून नकळत पडली. मी उचलून पाहिलं. झाकण जागेवर होतं, आकडे दिसत होते.

"पास, काका!"

"एकदाच झालं रे," ते डोळे मिटूनच हसले. "अजून दोनदा."

मी उभा राहून दोनदा पाडला. काकू बघतच राहिल्या.

"आता लिही."

पंधरा दिवसांनी काका गेले. नंतर भेटायला गेलो, तर काकूंनी तो थर्मामीटर माझ्या हातात ठेवला.

"तूच ने. इथे आता कोण पाडणार?"